पोकर टूर्नामेंटमधल्या या चुका टाळा, नाहीतर गोव्याला नुसते मासे खायला जा

दिवाळी संपली की माझा फोन वाजायला लागतो. तीनपत्तीत चार रात्री पानं चांगली पडलेली असतात, कुणीतरी "लगा, तू पोकरच खेळायला पायजेस" असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं असतं, आणि आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला नाहीतर शाहूपुरीतला एखादा पोरगा विचारतो, "दादा, शनिवारी पणजीत टूर्नामेंट हाय. दोन तासांत काय काय सांगशील?" दोन तासांत मी गोव्याला जायचा आंबोलीचा रस्ता सांगू शकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यामुळे मोबाइलवर दहा-वीस रुपये घालवून शिकायची सोय गेली आणि नवखे लोक आता थेट मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर हजारो रुपये भरून शिकतात. घरी पैसे लावून टेबल मांडायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे १८८७ चा जुगार कायदा अजून जिवंत आहे. सराव चिंचोक्यांवर करा. मीही तसाच शिकलो.

"बघूया तरी, काय आहे त्याच्याकडं"

तीनपत्तीतून आलेला हा रोग. तिथं पैसे टाकून शो मागणं हा खेळाचाच भाग असतो, आणि हरलं तरी उरलेला खेळ पहाटेपर्यंत चालू असतो. टूर्नामेंटमध्ये री-एन्ट्रीची (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसायची) वेळ संपली की खिशात लाख रुपये असले तरी एक चिप विकत मिळत नाही.

प्रसंग नेहमी तोच. टेबलवर एक काका दोन तास गप्प बसलेत, दर हाताला, म्हणजे दर डावाला, फोल्ड (पानं टाकून देणं). रिव्हर (टेबलवर सगळ्यांसाठी उघडणारं शेवटचं पान) येतो आणि काका मोठी बेट, म्हणजे पैज, लावतात. आपल्या पोराकडे राजाची जोडी. तो मान हलवतो, "हरलोय मी" असं तोंडाने म्हणतो, आणि कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून पानं बघतो. काका शांतपणे फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) दाखवतात. वर हा मला येऊन सांगतो, "मला माहीतच होतं." अरे, माहीत होतं तर चिप्स कशाला दिल्यास? बारशाच्या आहेरात?

माझी सवय सांगतो. रिव्हरला मोठी बेट आली की मी दोन्ही हात टेबलाखाली घेतो. मग हिशोब करतो. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ६,००० आहेत, त्याने ३,००० लावले, म्हणजे ३,००० देऊन ९,००० मिळवायचेत. चारातून एकदा मी बरोबर निघालो तरी भागतं. मग स्वतःला विचारतो की माझ्याहून कमजोर अशी कोणती पानं घेऊन हा माणूस असा खेळेल? दोन तरी नावं घेता आली नाहीत, तर पानं डीलरकडे. उत्सुकता शमवायची असेल तर ब्रेकमध्ये काकांना चहा पाजून विचारा. बहुतेक वेळा खोटं सांगतात, पण चहा स्वस्त पडतो.

चिप्सना रुपये समजणं

ही चूक हुशार लोक करतात. मीही केली.

समजा दहा जणांनी हजार-हजार रुपये भरले आणि प्रत्येकाला हजार चिप्स मिळाल्या. बक्षिसं ५०, ३० आणि २० टक्के. शेवटी पहिल्या आलेल्याकडे सगळ्या दहा हजार चिप्स असतात, पण हातात येतात पाचच हजार रुपये. म्हणजे चिप्स दहापट आणि पैसे पाचपट. उलट, शेवटची चिप गेली की सगळंच गेलं. म्हणून जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग असते. या गणिताला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात, आणि बबलच्या वेळी, म्हणजे बक्षिसापासून एकच माणूस दूर असताना, ते सगळ्यात कडक होतं.

आता माझी फजिती. पणजी, एकशेनव्वदच्या आसपास एन्ट्री, बक्षिसं सत्तावीस, उरलेले अठ्ठावीस. सगळ्या टेबलांवर एकेक हात बरोबरीने वाटला जात होता. माझ्या चिप्स हॉलमध्ये पहिल्या पाचात. शेजारच्या टेबलवर एका गड्याकडे जेमतेम दीड ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच सक्तीने लावायची रक्कम) उरलेला, दोन हातांत तो बाहेर जाणार हे उघड दिसत होतं. मला फक्त बसायचं होतं. पण आमच्या टेबलवर बेळगावकडचा एक माणूस माझ्याहून मोठा ढीग घेऊन अर्धा तास सगळ्यांना दाबत होता. त्याने रेझ केला, मी एक्का-राणीवर परत वाढवलं, तो ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. माझ्या डोक्यात एकच, "हा दादागिरी करतोय, आणि मी कोल्हापूरचा." कॉल.

त्याच्याकडे नव्वीची जोडी. जवळजवळ नाणेफेक, त्याच्या बाजूला जराशी झुकलेली. ना एक्का आला ना राणी. मी अठ्ठावीसावा. बबल फुटला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि दीड ब्लाइंडवाला गडी उठून माझ्याकडे आला न् चक्क हात जोडले. त्याचं बक्षीस मीच काढून दिलं होतं.

पहाटे आंबोलीत धुकं इतकं होतं की गाडी पायी चालल्यासारखी. आजऱ्यात चहा घेईपर्यंत मी मित्राला सांगत होतो की पानांनी दगा दिला. पानांचा काय संबंध? दोन हात गप्प बसलो असतो तर बक्षीस नक्की होतं आणि वरच्या नंबरासाठी खेळायला चिप्सही शिल्लक होत्या.

सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट हेच बक्षीस असलेल्या छोट्या टूर्नामेंटमध्ये, तर हे टोकाला जातं. दहा तिकिटं, अकरा खेळाडू, सगळ्यांना सारखंच तिकीट. तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील, तर तितक्याच मोठ्या ढिगाच्या ऑल-इनपुढे एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड करायची. हे सांगितलं की पोरं माझ्याकडे वेड्यासारखं बघतात आणि मनीमेकरचं नाव काढतात. ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन अकाउंटंट २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला, हे सगळ्यांना पाठ. तो तिथं ऑनलाइन सॅटेलाइटमधून पोचला होता, हेही पाठ. पण त्याच्या मोठ्या ब्लफची (हुलकावणीची) क्लिप सगळे बघतात, आणि सॅटेलाइटमध्ये कसं बसायचं हे कुणी विचारत नाही.

आपल्या तालमीत नवीन पोराला वस्ताद आधी हौद्यातली माती उकरायला लावतात. पोकरमध्ये माती उकरणं म्हणजे फोल्ड. पहिल्या दिवशी धोबीपछाड शिकवा म्हणणाऱ्याचं काय करायचं ते वस्तादांनाच विचारा.

बाकीच्या, ज्यांच्यावर मला फार बोलायचं नाही

फक्त एक्क्यांची वाट बघत बसणं. ही जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते आणि लाइव्ह टेबलवर तासाला पंचवीस-तीस हात होतात. म्हणजे आठ तास. तोवर ब्लाइंड तुम्हाला खाऊन ढेकर देतील. दहा-बारा ब्लाइंड उरले की नुसतं कॉल करून फ्लॉप (टेबलवर उघडणारी पहिली तीन पानं) बघणं बंद, ऑल-इन नाहीतर फोल्ड.

"फ्लश येणारच." एकाच चिन्हाची चार पानं जमली असली तरी फ्लॉपनंतर दोन पानं बाकी असताना ३५ टक्के, एकच बाकी असताना २० च्या आत. येणारच काय?

फुकटची दारू. ती फुकट का असते याचा विचार करा.

हरल्यावर पेटणं. एक्के राजांसमोरही दर पाच-सहा वेळांत एकदा हरतात, त्यात अन्याय काही नाही. मोठा पॉट गेला की मी उठून बोटीच्या डेकवर एक चक्कर मारतो. दोन-तीन हात चुकतात. तेवढ्याने जे वाचतं त्याच्यापुढे तेवढ्या हातांची अँटी (सक्तीने भरायच्या थोड्या चिप्स) काहीच नाही.

पैसे. उसाचं बिल जमा झालं की येणारे आणि भिशी उचलून येणारे, दोघांनाही मी परत पाठवतो. चांगला खेळाडूसुद्धा शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी टूर्नामेंटमधून रिकाम्या हाताने उठतो. म्हणून माझ्याकडे शंभर बाय-इन (टूर्नामेंटला बसायची रक्कम) बाजूला नसतील तर मी त्या टेबलवर बसत नाही. री-एन्ट्री किती करायच्या ते घरातून निघतानाच बायकोला सांगून ठेवतो, कारण रात्री दोन वाजता मी स्वतःचं ऐकत नाही. आणि जिंकलात तर ३० टक्के कर, वर सेस. त्यातून हॉटेल, पेट्रोल, आधीच्या हरलेल्या एन्ट्र्या, काही वजा मिळत नाही. "मागच्या महिन्यात दोन लाख मारले" म्हणणाऱ्याला हा हिशोब विचारा, मग तो विषय बदलतो.

यंदाच्या पोराला मी रंकाळ्यावर बसवून दोनशे चिंचोके दिले आणि सांगितलं, तासभर फक्त दहातले दोन हात खेळायचे. चाळीस मिनिटं टिकला. मग माझ्या रिव्हरच्या बेटवर सगळे चिंचोके पुढे सरकवले आणि म्हणाला, "दादा, कळतंय मला, पण एकदा दाखव की."