कोल्हापुरात भाड्यानं घर घेताय? आधी गल्ली बघा

मे-जून आला की विदर्भातून इकडं बदलून येणाऱ्यांचे फोन सुरू होतात. आम्हीही अमरावतीहून येऊन इथंच रमलो, म्हणून ओळखीतून नंबर जातो. प्रश्न एकच असतो: "ताई, गावाच्या मध्यावर, परवडेल असा टू बीएचके कुठं मिळेल?" दर वेळी फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

मध्यावर म्हणजे बहुतेकांच्या मनात राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा मंगळवार पेठ, शिवाजी पेठ असते. ताराबाई पार्क, नागाळा पार्कात बंगल्यांची वस्ती, झाडं भरपूर, भाडंही चढं. पेठांमध्ये शेजार घट्ट. अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, कपिलतीर्थ मार्केट चालत जाण्याजोगं; पण गल्ल्या अरुंद, चारचाकी असेल तर रोज संध्याकाळी जागेसाठी फिरावं लागतं. शाहूपुरी स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाला लागून आहे. सांगली-मिरजेकडं रोज ये-जा असेल तर ती सोयीची. मधल्या बजेटच्या कुटुंबाला मी बहुधा राजारामपुरी किंवा तिच्या पलीकडचं टाकाळा, प्रतिभानगर सुचवते. विद्यापीठ आणि सायबर चौक जवळ, दुकानं हाताशी आणि बराचसा भाग उंचावर.

उंचावर का म्हणते, ते समजून घ्या. शहरालगतच्या पंचगंगा नदीला 2005, 2019 आणि 2021 साली मोठे पूर आले. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. तुम्हीही पाठ करा. नदी फुगली की शहरातून तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं शहरात पसरतं. त्यामुळं नदी नजरेलाही पडत नाही अशा ठिकाणी, व्हीनस कॉर्नरला आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी येतं. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग हे सगळं त्यातच. एकाच भागात एक गल्ली कोरडी आणि दोन गल्ल्या सोडून तळमजला पाण्यात, असं होतं. म्हणून नुसत्या पत्त्यावरून ठरवू नका.

इमारतीत शिरल्यावर आधी जिन्याखाली मीटरची पेटी बघा. मूळची खालची पेटी काढून डोक्याच्या वर बसवलेली दिसली, तर तिथं पाणी येऊन गेलंय असं समजा. पार्किंगच्या भिंतीवर कमरेपर्यंतच नवा रंग असेल तर हात लावून बघा, आतला गिलावा भुसभुशीत लागतो. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादांना किंवा किराणा दुकानात सरळ विचारा: "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" माणूस बोटानं पायरी दाखवतो. घरमालक एखाद वेळी आढेवेढे घेईल, गल्ली खोटं सांगत नाही. पाणी पार्किंगपर्यंतच येत असेल आणि तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असेल तर घर सोडून देण्याचं कारण नाही. फक्त पुरात गाड्या कुठं नेऊन लावतात, लिफ्ट आणि पाण्याची मोटर किती दिवस बंद राहते, हे विचारून घ्या.

पिण्याच्या पाण्याचंही विचारा. 2019 च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली आणि शहरभर टँकर फिरले. 2023 अखेरीस काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन सुरू झाली, तरी तुमच्या भागात नळाला पाणी किती वाजता येतं आणि इमारतीला बोअर आहे का, हे माहीत हवंच. पाऊस पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या बाजूनं झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत आणि कपाटामागचा कोपरा बुरशीसाठी तपासा. वरचा मजला असेल तर गच्चीही.

घर शोधायला ॲपवर विसंबू नका. "ब्लॉक (म्हणजे फ्लॅट) भाड्याने देणे आहे" अशा पाट्या गेटवर टांगलेल्या असतात आणि अनेक चांगली घरं पाटी लागायच्या आधीच ओळखीत जातात. दोन संध्याकाळ हव्या त्या गल्लीतून पायी फिरा, चहाच्या टपरीवर सांगून ठेवा. एजंट घेतलात तर त्याची फी घर बघायच्या आधी ठरवा. मांसाहार, पाळीव प्राणी, गावाकडून येणारे पाहुणे याबद्दल मालकांशी पहिल्याच भेटीत मोकळं बोला. इथली माणसं रोखठोक आहेत, स्पष्ट विचारल्याचा राग धरत नाहीत. राजारामपुरीत मुख्य रस्त्यालगत घर घेणाऱ्यांनी गणेश चतुर्थीच्या आगमन मिरवणुकीचा आवाज ध्यानात घ्यावा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आतली गल्लीच बघा.

आता करार. "11 महिन्यांचा आहे, नोटरी पुरे," असं तुम्हाला हमखास ऐकवतील. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चही मोठा नाही. महिना 12,000 भाडं आणि 50,000 डिपॉझिट धरलं तर 0.25 टक्क्यानं 11 महिन्यांचं मुद्रांक शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होतं, शहरात नोंदणी फी 1,000. करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. हल्ली तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, आधारवर काम होतं. मुलांच्या शाळेला, गॅसला, बँकेला हाच कागद पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली का, तेही मालकांना विचारा.

डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे करारात शब्दांत लिहून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. महावितरणचा ग्राहक क्रमांक आधीच मागून थकबाकी तपासा. किल्ली मिळेल त्या दिवशी, सामान आत घेण्याआधी, प्रत्येक खोलीच्या भिंती, नळ, फरशी आणि मीटरचं रीडिंग मोबाईलवर टिपा आणि लगेच मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा.