भंडारदऱ्याची प्रदक्षिणा, खिशाला न टोचता

भंडारदऱ्याला गेलेली बरीच मंडळी विल्सन धरणावर फोटो काढून परततात. १९२६ साली पूर्ण झालेलं, प्रवरेवरचं हे धरण बघण्यासारखं आहेच, पण खरी मजा जलाशयाला गाडीने पूर्ण फेरी मारण्यात आहे. धरणाजवळच्या शेंडी गावाहून सकाळी निघा आणि आधी रतनवाडी गाठा. तिथून साम्रद, घाटघर, मग पांजरे, मुरशेतमार्गे परत शेंडी. नेमका हाच क्रम ठेवा, म्हणजे घाटघरच्या कोकणकड्यावर दुपार कलताना पोहोचता येतं. अंधार पडायच्या आत मात्र तिथून निघा. रस्ता अरुंद आणि वळणांचा, शिवाय गुरं मध्येच बसलेली असतात.

पैसे वाचतात ते जेवणात. रतनवाडीत शिरल्या शिरल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी, ठेचा सांगून ठेवायचा, माणशी किती ते आधीच ठरवायचं आणि मग अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघायचं. परत येईस्तोवर तव्यावरची गरम भाकरी ताटात पडते. आमच्या धाकटीने, जी घरी भाकरीला नाक मुरडते, तिथे अडीच खाल्ल्या!

पेट्रोल येतानाच, मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीत भरून घ्या. सुटे पैसे जवळ असू द्या, कारण मोबाइलला रेंज नसली की यूपीआय कुठलं चालायला? मुक्काम शनिवारऐवजी रविवारी रात्री केलात तर तंबूवाल्याशी घासाघीस जमते. पोरांना पाण्यात मात्र उतरू देऊ नका, काठ एकदम खोल होतो.