साठपैकी साठ बायका ‘हो’ म्हणाल्या तेव्हा

सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष होतं. माझा प्रबंध गोवंडीतल्या गरोदर बायकांवर: लोहाच्या लाल गोळ्या का खायच्या, कशा खायच्या, याची तीन सत्रं घ्यायची आणि आधी व नंतर प्रश्नावली भरून घ्यायची. साठ बायकांना विचारलं, साठही तयार झाल्या. प्रगती अहवालात मी ‘प्रतिसाद 100 टक्के’ असं ठळक टाइपात लिहिलं आणि अभ्यासात लोकांशी नीट वागलं जातंय ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे जरा ऐटीतच उभी राहिले.

कमिटीत एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. संशोधनाशी त्यांचा संबंध नव्हता, आणि म्हणूनच ते तिथे होते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात. त्यांत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि एक सामान्य नागरिक लागतो, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि निम्मे तरी सदस्य बाहेरचे. काकांनी चष्मा वर केला. म्हणाले, “बाळ, मुंबईत साठ जणांना पत्ता विचारला तरी दहा जण न थांबता पुढे जातात. तुला एकीनेही नाही म्हटलं नाही?”

उत्तर मला माहीत होतं, फक्त तोवर कुणी विचारलं नव्हतं. घरोघरी माझ्यासोबत हेल्थ पोस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या, सीएचव्ही (आरोग्य स्वयंसेविका) ताई असायच्या. त्याच या बायकांची नोंद करतात, लसीची तारीख सांगतात, कार्ड भरून देतात. त्या दारात उभ्या असताना “या मॅडमना जरा मदत कर गं” म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? नाही म्हटलं तर उद्या केंद्रावर ताटकळत ठेवतील, ही धास्ती बायकांनी बोलून दाखवली नसेल, पण ती हवेत होती. सही मिळाली होती. संमती मिळाली होती का, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आरोग्यशिक्षणात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. औषधाच्या चाचणीत सुई दिसते, त्यामुळे माणूस सावध असतो. आपण मात्र तक्ते, फ्लिपचार्ट आणि गोड बोलणं घेऊन जातो. लोक आपल्याला ‘ताई’ म्हणतात, चहा टाकतात. त्या ताईपणामुळेच समोरच्या बाईला नकार द्यायची सोय उरत नाही.

ही गोष्ट मुंबईला नवी नाही. प्लेगच्या साथीत, 10 जानेवारी 1897 रोजी, जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले, अशी नोंद आहे. परळला हाफकिन संस्थेवरून जाताना मला दरवेळी त्या कैद्यांची आठवण येते. हाफकिन यांचं धाडस खरं, लसही उपयोगी ठरली. पण गजाआडच्या माणसाच्या स्वेच्छेचं माप कशाने घ्यायचं? आपल्या अभ्यासातल्या बाया गजाआड नसतात, मान्य. पण हेल्थ पोस्टची रांग, वस्तीत गाडी घेऊन येणारी संस्था, किंवा वर्गात गुण देणारी मॅडम, हेही बारीक गजच आहेत.

शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं. नर्सिंग आणि मेडिकलच्या कॉलेजांत शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांवर अभ्यास करतात: नव्या शिकवणीचा उपयोग झाला का, ताण किती आहे, वगैरे. फॉर्म वर्गातच वाटतात, वर्गातच गोळा करतात. तुम्ही शिकवत असाल तर एवढं करा: संमती दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा, आणि कुणी फॉर्म भरला नाही हे निकाल लागेपर्यंत स्वतःला कळू देऊ नका.

मग मी काय बदललं? पहिलं म्हणजे सीएचव्ही ताईंना दारापर्यंतच न्यायला लागले. ओळख करून दिली की त्या निघायच्या. (सुरुवातीला त्यांना राग आला. “आम्ही काय चोर आहोत का?” त्यांच्यासोबत दोन वेळा चहा झाला तेव्हा तो निवळला.) दुसरं, संमतिपत्रक त्याच दिवशी भरून घ्यायचं नाही. कागद ठेवून यायचं, दोन दिवसांनी जायचं. दोन दिवसांत नवरा, सासू, शेजारीण सगळ्यांशी बोलणं होतं, आणि नको असेल तर त्या वेळी दार न उघडणं सोपं असतं. तिसरं, नकारांचं वेगळं रजिस्टर. पुढच्या अभ्यासात बावन्न जणींपैकी नऊ जणी नको म्हणाल्या. माझ्या गाइडला तो आकडा काळजीचा वाटला, मला हायसं वाटलं.

संमतिपत्रकाच्या मराठीवर स्वतंत्र लेख होईल. “सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही” हे वाचून दाखवलं तर एकजण म्हणाली, “म्हणजे मी काय करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘यादृच्छिक पद्धतीने गट’ असं लिहिण्याऐवजी ‘चिठ्ठी टाकून’ लिहा, भिशीमुळे प्रत्येकीला ते कळतं. गोवंडीत निम्म्या घरांत हिंदी-उर्दू चालते, तेव्हा तेही पत्रक हवं. वाचता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्यासोबत अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तो साक्षीदार म्हणजे तुमचाच सहकारी नव्हे, ही चूक मी पाहिली आहे आणि एकदा केलीही आहे. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर त्याची परवानगी निराळी घ्या, फोटोची आणखी निराळी.

फोटोंचं तर विचारूच नका. सत्र संपलं की ग्रुपवर फोटो टाकायचा, ही आता सवयच झाली आहे. क्षयरोगाच्या सत्राचा फोटो म्हणजे त्या वस्तीत कुणाला टीबी आहे याची जाहीर यादी. एचआयव्हीबद्दल तर 2017 चा कायदाच आहे, माणसाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. एका संध्याकाळी गोवंडीहून कुर्ल्याकडे येताना लेडीज डब्यात मी आणि मैत्रीण एका सहभागीबद्दल बोलत होतो. नाव घेतलं नव्हतं. तिसरं बाळंतपण, नवरा टेम्पो चालवतो, गोळ्या खिडकीतून टाकून देते, एवढंच. चेंबूरला समोरची बाई उठता उठता म्हणाली, “आमच्या शेजारच्या सुनेचंच चाललंय ना?” कुर्ला येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नसतं. प्रबंधात ‘34 वर्षांची, शिवणकाम करणारी, अमुक गल्लीतली’ असं लिहिलंत तर त्या गल्लीला नाव सांगावं लागत नाही.

कागदोपत्री गोष्टी भराभर सांगते. कमिटीची मंजुरी काम सुरू करण्याआधी. मागाहून मिळत नाही, कितीही रडलात तरी. सहभागींचे गट पाडून काही उपक्रम करणार असाल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करा; 1 एप्रिल 2018 पासून तिथे अभ्यास सुरू झाल्यावरची नोंदणी घेत नाहीत. सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलाची लेखी सहमती लागते, पालकांची संमती असली तरीही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी हो म्हटलं म्हणजे मुलं हो म्हणाली असं नाही. मेडिकलच्या पीजीवाल्यांना एनआयईचा (चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा) संशोधन-पद्धतींचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो; बाकीच्यांनीही करा. आणि मुंबईत बसून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ वाचलं नाही तर तुमची तुम्हीच कीव करा. 1993 पासून इथूनच निघतं.

कमी बोललं जातं ते एकाच गोष्टीबद्दल: अभ्यासात कुणी आजारी सापडलं तर काय? माझ्या दुसऱ्या अभ्यासातल्या एका बाईला जिना चढताना धाप लागत होती. तिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं, म्हणजे तीव्र रक्तक्षय. ती होती तुलनेच्या गटात, जिला सत्रं द्यायची नव्हती. “आत्ता तिला काही सांगितलंस तर डेटा बिघडेल,” असं एकजण खरंच म्हणाला. मी तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेलं आणि नंतर कमिटीला लिहून कळवलं. पण हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच हवं होतं: अमुक दिसलं तर तमुक ठिकाणी पाठवणार. घरातल्या मारहाणीबद्दल विचारणार असाल तर तेच. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिकेने मिळून 2000 साली मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच गरजेतून. बाईने तोंड उघडल्यावर तिला कुठे न्यायचं ते ठाऊक नसेल तर तो प्रश्नच विचारू नका.

तुलनेच्या गटाचा वाद इथे मोठ्या पातळीवरही झाला आहे. 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. एका गटाची व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी तपासणी, दुसऱ्या गटाला कर्करोगाची माहिती. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. इतकी स्वस्त तपासणी हाताशी आली हे मोठं यश. पण दुसऱ्या गटाला फक्त माहिती देणं योग्य होतं का, यावर टीका झाली. तेव्हा देशात सर्रास तपासणी होतच नव्हती, असा संशोधकांच्या बाजूचा मुद्दा. माझा कल टीकाकारांकडे आहे. आपण विकतो ती वस्तू म्हणजे माहितीच, तेव्हा ती कधी अपुरी पडते हे आपल्याला आधी कळायला हवं.

त्या नऊ नकारांपैकी एक बाई नंतर सत्राला आली. मागे बसली, फॉर्म नको म्हणाली. गोळी चहासोबत घेऊ नका असं मी सांगत होते तेव्हा तिने मध्येच तोडलं, “सकाळी चहाशिवाय दुसरं काय असतं घरात?” पुढच्या सत्राचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो: गोळी रात्री जेवणानंतर चालेल का, लिंबू कुठे स्वस्त मिळतं. तिचं एक अक्षरही माझ्या डेटात नाही.