हॉटेलचं पीसीआय स्कॅन सीझनच्या आधी पास करून घ्या

गोव्याच्या कळंगुट-बागा पट्ट्यात ऑक्टोबर उजाडला की राउटरला हात लावायला कुणालाच सवड नसते. म्हणून जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीचं पीसीआय स्कॅन, म्हणजे कार्डाने पैसे घेणाऱ्यांच्या नेटवर्कची कार्ड-सुरक्षा नियमांनुसार होणारी तपासणी, जुलैतच लावा. नापास झालात तरी दुरुस्ती आणि फेरस्कॅन भर पावसात उरकतं. नियम तीन महिन्यांतून एकदा पास होण्याचा आहे. नुसतं स्कॅन लावल्याचा अहवाल स्वाइप मशीन देणारी बँक धरत नाही.

बाहेरून होणारं स्कॅन पीसीआय कौन्सिलच्या यादीतल्या एएसव्हीकडूनच (मान्यताप्राप्त स्कॅनिंग कंपनीकडूनच) करून घ्यावं लागतं. त्याला पब्लिक आयपी, म्हणजे हॉटेलचा इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा, आणि चूक नेमकी इथेच होते. कनेक्शन डायनॅमिक असेल तर वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला की पत्ता बदलू शकतो, आणि मग तपासणी भलत्याच कुणाची होते. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्या. फायरवॉलमधलं संशयास्पद हालचाल आपोआप ब्लॉक करणारं आयपीएस एएसव्हीच्या पत्त्यांपुरतं सैल करा. स्कॅनर मध्येच अडवला गेला तर निकाल अपूर्ण, म्हणजे पास नाहीच.

सीव्हीएसएस (त्रुटी किती गंभीर ते 0 ते 10 मध्ये मोजणारी पद्धत) गुण 4.0 किंवा त्याहून जास्त असलेली एक जरी त्रुटी निघाली तरी नापास. ज्या त्रुटींमुळे सेवा बंद पडण्यापलीकडे काही होत नाही, त्या यातून वगळल्या आहेत. एसक्यूएल इंजेक्शन (वेबसाइटच्या फॉर्ममधून डेटाबेसमध्ये आज्ञा घुसवता येणं), कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवणं, अपडेट बंद झालेली ऑपरेटिंग सिस्टीम, यांना मात्र गुण न बघता नापास करतात.

छोट्या हॉटेलात बहुधा घात करतो तो सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. मालकाला घरबसल्या मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतात, म्हणून राउटरवर बाहेरून डीव्हीआरपर्यंत जाणारा पोर्ट (नेटवर्कचं दार) उघडलेला असतो. कॅमेऱ्याचा कार्डाशी काय संबंध, असं म्हणून भागत नाही. आयपी तोच असतो. ही वाट, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, काढा आणि व्हीपीएन (लॉगिन करून जाता येणारा सुरक्षित मार्ग) लावा. अकाउंटंटला दुरून कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून उघडलेला पोर्ट 3389 (रिमोट डेस्कटॉप) सुद्धा बंद करा.

पाहुण्यांचं वायफाय आणि स्वाइप मशीन वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच यंत्रणेत आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर) हवेत. वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवरून मशीनचा आयपी पिंग करा. उत्तर आलं तर व्हीलॅन कागदावरच आहे. उत्तर आलं नाही म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, पोर्टही तपासा.

पीसीआयची डी प्रश्नावली (स्वतः भरायच्या फॉर्मांपैकी सगळ्यात सविस्तर) लागू असलेल्यांना आतून स्कॅनही दर तिमाहीला करावं लागतं, आणि 31 मार्च 2025 पासून ते लॉगिन देऊनच. हे जाणकार कर्मचारी करू शकतो, पण ज्या यंत्रणा तोच सांभाळतो त्या त्याने स्वतः तपासू नयेत.

त्रुटी खोटी वाटली तर पॅचची आवृत्ती दाखवणारा स्क्रीनशॉट जोडून एएसव्हीकडे हरकत नोंदवा. ती मान्य झाली तरी पुढच्या तिमाहीत पुन्हा नोंदवावी लागते, म्हणून पुरावे जपून ठेवा.