ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गुरांच्या कामावर येताय? मग हे वाचून या

आपल्याकडे गाय दावणीला असते, तिला नाव असतं, पेंडीची पाटी दिसली की ती हंबरते. इथल्या रॉकहॅम्प्टन शहराच्या आसपासच्या रानातली गाय वर्षातून दोन-तीनदा माणूस जवळून बघते, तेही हेलिकॉप्टर, मोटारसायकल आणि कुत्री तिला हाकत आणतात तेव्हा. म्हणून आल्या आल्या पाठीवर हात फिरवायची सवय बाजूला ठेवा आणि अंतर शिका. प्रत्येक जनावराला माणूस अमुक अंतरापलीकडे जवळ आलेला चालत नाही. त्या हद्दीत पाऊल टाकलंत की ते सरकतं, मागे हटलात की थांबतं. त्याच्या खांद्याच्या मागे राहिलात तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे गेलात तर मागे वळतं. थेट शेपटीमागे उभे राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही. दुसऱ्याच महिन्यात मी घाईने गुरं हाकायच्या अरुंद गल्लीत शिरलो आणि लाथेने माझी बरगडी मोडली. तेव्हापासून कठड्यावर चढायची जागा आधी बघतो, मग आत पाय टाकतो. ओरडू तर मुळीच नका. पट्टीच्या माणसाचा कामाच्या दिवशी आवाजच येत नाही.

इथली ‘ब्राह्मन’ नावाच्या वाणाची गुरं बघून घर आठवेल. तेच वशिंड, तीच गळ्याखालची लोंबती पोळी. गीर, ओंगोल, कांकरेज आणि आपल्या सांगलीकडची कृष्णाखोरी, यांचं रक्त अमेरिकेत एकत्र आलं आणि 1933 मध्ये तिथून ही गुरं क्वीन्सलँडला आली. हियरफर्ड, शॉर्टहॉर्न या विलायती जाती गोचीड आणि उन्हाने खचत होत्या, तिथे ही तगली. कुणी मारझोड केली तर ती विसरत नाहीत. शांतपणे वागवलंत तर तेही त्यांच्या लक्षात राहतं.

शंभर गायींमागे तीन-चार वळू सोडतात. पशुवैद्य त्यांचं वीर्य आधी तपासतात. जानेवारीत गाय फळली तर साडेनऊ महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर विते आणि अंगावर वासरू असताना तिला हिरवं मिळतं. मग गाभण तपासणी होते. भाकड निघालेली गाय बहुतेक विक्रीच्या गाडीत जाते. आमच्याकडे बेंदराला बैलांना पुरणपोळी भरवतात, त्यामुळे तपासणीचा तो दिवस मला पहिली दोन वर्षं फार जड गेला. हे सगळं मांसासाठीच चालतं. ते मनाला पटत नसेल तर करारावर सही करण्याआधीच तसं सांगा.

साधारण सहा महिन्यांची वासरं आयांपासून तोडतात. आठवडाभर आवारात वाळलं गवत घालतात. पहिल्या तीन रात्री हंबरड्याने झोप लागत नाही. तरीही वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं. रोज सकाळी काठी न घेता त्यांच्यातून हळू चालत जा. आज माणसाची भीती गेली तर पुढची दोन वर्षं सगळ्यांचं काम सोपं होतं.

तिवा, म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप, आपल्याकडचाच, बघताक्षणी ओळखाल. इथल्या मातीत फॉस्फरस कमी, म्हणून गाई रानातली हाडं चघळतात आणि त्यातून बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होते. त्यावर लस आहे. कोरड्या दिवसांत कुंड्यांत युरियाची चाटण, म्हणजे चाटायचं पूरक खाद्य ठेवतात. पाऊस पडला की आधी त्या कुंड्यांकडे धावा. साचलेल्या पाण्यात युरिया विरघळतो आणि ते पाणी प्यायलेली गुरं मरतात.

प्रत्येक जनावराच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला असतो आणि विकताना मालक औषधांबाबत लेखी हमी देतो. म्हणून कोणत्या जनावराला कोणतं औषध कधी टोचलं, हे त्याच क्षणी वहीत लिहा. औषध टोचल्यानंतर थांबायची मुदत संपल्याशिवाय जनावर मांसासाठी विकता येत नाही, आणि ती तारीख तुमच्या नोंदीवरूनच ठरते. गोचीड असलेल्या भागातून गोचीडमुक्त भागात जनावर नेण्याचे नियम कडक आहेत.

वासरं, चरून वाढलेले खच्ची खोंड, म्हाताऱ्या गाई असा माल रॉकहॅम्प्टनजवळच्या ग्रेसमियरच्या बाजारात जिवंत वजनावर, किलोच्या भावाने विकला जातो. काही खोंड धान्यावर पोसायला फीडलॉटला जातात. तयार बैल थेट कत्तलखान्यात, तिथे पैसे सोललेल्या धडाच्या वजनावर मिळतात. गाडीत चढवताना दांडक्याने मारलं तर मांसावर वण उठतो आणि तेवढा भाग कापून फेकतात.

आता स्वतःच्या जिवाचं. क्यू फीवर हा गुरांकडून माणसाला होणारा ताप आहे. 1930 च्या दशकात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांतच तो पहिल्यांदा ओळखला गेला. लस मिळते, पण आधी रक्ताची आणि कातडीची चाचणी होते, कारण ज्याला आधी लागण होऊन गेली असेल त्याला ती देत नाहीत. गावी गुरांत वाढला असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. चाचणीचा निकाल यायला काही दिवस जातात, तेव्हा कामाची तारीख ठरताच दवाखान्याची वेळ घ्या.