पहिल्या चित्रपटाला पार्श्वसंगीत देताना

उत्तम चाल बांधता येते म्हणून पार्श्वसंगीत जमेलच असे नाही, कारण गाण्यात प्रसंग सुरांसाठी थांबतो, तर पार्श्वसंगीतात सुरांना प्रसंगाच्या मागून, त्याच्या चालीने चालावे लागते. त्यामुळे संगीत कुठे नको, हे सर्वांत आधी ठरवावे. संकलन संपून पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे दृश्यांची लांबी आणि क्रम पक्के झाल्यावर, चित्रपट एकदा सलग पाहावा. त्या वेळी पेटी किंवा कीबोर्ड हाताशी ठेवू नये, कारण बोटे सुरांकडे वळली की पात्रांचे श्वास, भांड्यांचा आवाज, पावसाची सर हे पडद्यावर आधीच असलेले संगीत ऐकूच येत नाही.

दुसऱ्या वेळी दिग्दर्शकाला शेजारी बसवून संगीताचा प्रत्येक तुकडा, म्हणजे क्यू, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते टाइमकोडसह (पडद्यावरच्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेमच्या आकड्यासह) लिहून काढावे. या बैठकीत ‘येथे दुःखी संगीत हवे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘येथे प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक कळायला हवे का?’ असे विचारावे. आईच्या डोळ्यांत पाणी येते त्याच क्षणी व्हायोलिन सुरू केले, तर दिसते तेच पुन्हा सांगितले जाते. तेच संगीत तिने पत्र घडी करून डब्यात ठेवल्यावर सुरू झाले, तर तिने न बोललेली गोष्ट ऐकू येते. संकलकाने तात्पुरते दुसरीकडचे संगीत लावलेले असेल, तर दिग्दर्शकाला त्यातले नेमके काय आवडले आहे, लय, वाद्य की मधली रिकामी जागा, ते समजून घ्यावे आणि मग ते संगीत बंद करून काम करावे.

यानंतरचा हिशेब आपल्या तालपद्धतीत वाढलेल्या माणसाला विशेष आनंद देणारा आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चालतो, म्हणून मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक मात्रा २४ फ्रेमची होते आणि ९० मात्रांच्या लयीत १६ फ्रेमची. समजा, क्यू सुरू झाल्यापासून बरोबर ३२ सेकंदांनी दार उघडते. ६० च्या लयीत तेवढ्यात सोळा मात्रांच्या त्रितालाची दोन आवर्तने होतात, ९० च्या लयीत तीन. दोन्ही वेळा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दारावरच येते, पण पहिल्यात वाट पाहणे असते आणि दुसऱ्यात धास्ती. लॉकनंतरही संकलकाने एक सेकंद कापलाच, तर तीन आवर्तनांसाठी लय ९३ च्या आसपास न्यावी, म्हणजे चूक एका फ्रेमच्या आत राहते. मात्र प्रत्येक कट समेवर पकडू नये. माझ्या मते एका प्रसंगात अशी एकच जागा पुरते.

संवादांखाली बासरी किंवा सारंगीची ठळक सुरावट टाळावी, कारण या वाद्यांचा आवाज माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच फिरतो आणि शब्द झाकोळतात. तेथे चेलोचा लांब खर्ज किंवा तानपुऱ्याची आस अधिक साथ देते. बजेट कमी असले, तरी संगणकातल्या वाद्यांच्या जोडीला निदान एक वाद्य हाडामांसाच्या वादकाकडून वाजवून घ्यावे. त्याच्या गजाचा आणि श्वासाचा खरखरीतपणा साऱ्या ट्रॅकला जिवंत करतो. वेळ नेहमीच अपुरा असतो. ‘पथेर पांचाली’चे (१९५५) बहुतेक संगीत पंडित रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केले होते. म्हणूनच वादक येण्यापूर्वी स्वरलिपी, क्लिक ट्रॅक (वादकाच्या कानात लय देणारी टिकटिक) आणि क्यूंचा क्रम तयार हवा.

करार वाचूनच सही करावी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज संगीताचा जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही.

तालवाद्ये, तंतुवाद्ये आणि मुख्य सुरावट यांचे स्टेम, म्हणजे एकेका गटाचे स्वतंत्र ट्रॅक, ४८ किलोहर्ट्‌झवर वेगवेगळे द्यावेत, म्हणजे मिक्सिंगमध्ये संवाद दबत असतील तेव्हा सारा क्यू खाली न ओढता फक्त एक थर कमी करता येतो. मिक्सिंगला स्वतः हजर राहावे, आणि ज्या क्यूवर आठवडाभर जीव ओतला तो काढल्यावर प्रसंग अधिक खरा वाटत असेल, तर तो काढण्याची सूचना आपणच करावी.