गोल्डन वॅटल आणि ग्रेट व्हाइट शार्क: तुलना करताना या चुका टाळा

झाड आणि मासा अशी जोडी प्रकल्पाला मिळाली की बहुतेक जण आधी तक्ता आखतात: आकार, रंग, आयुष्य. या ऑस्ट्रेलियन जोडीत प्रत्येक रकान्यात पाय घसरतो.

सुरुवात नावापासून. नुसतं ‘वॅटल’ लिहू नका. ऑस्ट्रेलियात अकेशिया वंशाच्या झाडांना वॅटल म्हणतात. अकेशियाच्या हजारच्या आसपास जाती आहेत, शार्कच्या पाचशेवर. नेमकी जात लिहा. आपली बाभूळही यात ओढू नका. 2005 आणि 2011 च्या आंतरराष्ट्रीय परिषदांनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे राहिलं आणि बाभूळ व्हॅचेलिया या वेगळ्या वंशात गेली. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ मात्र खरी अकेशिया.

तिचं एखादं कोवळं रोप जवळून बघाच. पहिली पानं लाजाळूसारखी, बारीक दलांची. मग देठ चपटा होऊ लागतो, टोकाला दलांचा छोटा झुबका लोंबत राहतो, शेवटी तोही जातो. उरतो तो पानासारखा दिसणारा देठ! गोल्डन वॅटलचंही असंच, म्हणून ‘पान लांबट’ ही नोंद चुकीची. शार्कच्या रकान्यातही ‘हाडं’ लिहू नका. सांगाडा कूर्चेचा असतो.

सगळ्यात मोठी चूक वयाची. झाड दीर्घायुषी, मासा अल्पायुषी असं आपण धरूनच चालतो. इथे उलट आहे. गोल्डन वॅटल साधारण 15 ते 30 वर्षं जगतं. ग्रेट व्हाइट सत्तरी गाठू शकतो आणि एका अभ्यासानुसार मादी वयात यायलाच सुमारे 33 वर्षं लागतात. म्हणजे मादी जन्मली त्या दिवशी रुजलेलं वॅटल तिला पहिलं पिल्लू होण्याआधीच वाळून गेलेलं असेल. मला तरी या तुलनेतली हीच खरी गोष्ट वाटते. एक मादी मारली तर केवढा काळ वाया जातो, ते यातून कळतं. वॅटलचं तसं नाही. त्याचं टणक बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि वणव्यानंतर उगवतं.

‘शार्क झाडांहून जुने’, म्हणजे पृथ्वीवर आधी आलेले, असंही लिहिलं जातं. ते शार्कच्या सगळ्या गटाला लागू आहे, या दोन जातींना नाही.

आणि ‘दोन्ही जपायला हवेत’ असं सरसकट लिहू नका. गोल्डन वॅटल 1988 पासून ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय पुष्प आहे, पण दक्षिण आफ्रिकेत ते उपद्रवी तण. त्याच देशाने 1991 मध्ये ग्रेट व्हाइटला संरक्षण दिलं. वॅटलवर मात्र ऑस्ट्रेलियातून आणलेली एक बारीक गांधीलमाशी सोडली. ती कळ्यांत अंडी घालते आणि फुलांच्या जागी गाठी धरतात.